पळी परत गेली नाही

लग्न दोन दिवसांवर आलेलं असतं आणि घरात पंगतीपुरती भांडी नसतात. मग घरातली कर्ती बाई दिवस मावळायच्या आत डोहावर जाते. काठावर हळदकुंकू वाहते, खणानारळाने ओटी भरते, पानसुपारी ठेवते आणि पाण्याला आवतण देते : बायांनो, लेकीचं लग्न आहे, इतकी इतकी माणसं जेवायची आहेत, लाज राखा. एवढं बोलून ती पाठ फिरवते आणि घरी येते. दुसऱ्या दिवशी उजाडताना काठावर भांडी मांडलेली असतात. हंडे, घंगाळं, पराती, तपेली, ओगराळी, पळ्या. सगळी तांब्यापितळेची, घासून लख्ख केलेली. लग्न होतं, पंगती उठतात. भांडी राखेने घासून, मोजून पुन्हा काठावर ठेवली की रात्रीतून पाणी ती घेऊन जातं. असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं. मग कोणीतरी एक पळी ठेवून घेतली. त्या दिवसापासून भांडी येईनाशी झाली.

एवढीच ही कथा. कोकणापासून मराठवाड्यापर्यंत कितीतरी डोहांविषयी, तळ्यांविषयी, बारवांविषयी ती सांगतात. कुठे भांडी पांडवांची असतात, कुठे नुसतीच ‘देवाची’. आमच्या गोदाकाठी ती साती आसरांची. सांगायला पाच मिनिटंही लागत नाहीत, म्हणूनच बहुधा तिच्याकडे कथा म्हणून कोणी थांबून पाहिलेलं नाही. गावचं एक जुनं नवल म्हणून ती ऐकली जाते आणि पुढचा विषय निघतो. मला मात्र ही मराठीतल्या उत्तम कथांपैकी एक वाटते. तिच्यात एकही शब्द जास्तीचा नाही, आणि तिच्या जोडीला बसणाऱ्या कथा थेट वेल्स-आयर्लंडच्या डोंगरांत सापडतात.

आधी ही कथा जिथे राहते ती जागा पाहू. बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातलं तलवाडा हे त्वरिता देवीचं गाव. देवी टेकडीवर. तंत्रग्रंथांत त्वरितेचं जे ध्यान आहे ते राजवाड्यातल्या देवीचं नाही. पानांची वस्त्रं, मोरपिसांचा मुकुट, अंगावर सापांचे दागिने, रूप किरातीचं, म्हणजे रानात शिकारीवर जगणाऱ्या बाईचं. अग्निपुराणात तिच्या मंत्रविधीचे अध्यायच्या अध्याय आहेत. रानातली ही देवता गावाची झाली, तरी राहिली उंचावरच. तालुक्याची उत्तरेची शीव गोदावरीने आखलेली. राक्षसभुवन तिच्याच काठावर. १७६३ च्या ऑगस्टमध्ये थोरल्या माधवरावांनी निजामाला हरवलं ते तिथे. या मुलखातल्या गावांची मांडणी साधारण एकसारखी असते. वेशीत मारुती, शिवेवर म्हसोबा, उंचावर देवी आणि पाण्याशी आसरा. माणसांची वस्ती या चौघांच्या मधल्या जागेत. अमावास्येच्या रात्री शिवाराबाहेरून वेताळाची फेरी जाते, तिच्या मशाली लांबून दिसतात, असं जुनी माणसं सांगत. म्हणजे गाव म्हणजे केवळ घरं नव्हेत. त्याला शेजारही आहे, आणि तो माणसांचा नाही.

आसरा बहुतेक ठिकाणी दिसतात त्या सात दगडांच्या रूपाने. विहिरीच्या देवळीत, बारवेच्या पायरीशी, नदीच्या थडीला शेंदूर लावलेले सात दगड ओळीने. पुष्कळदा बाजूला राखणदार म्हणून भाऊ म्हसोबा असतो. पोथीत जलमातृकांची जी नावं येतात, मत्सी, कूर्मी, दर्दुरी, मकरी, ती सगळी पाण्यातल्या जिवांची. बायकांच्या तोंडी मात्र त्या नुसत्या ‘बाया’. त्यांना हिरवा चुडा, खण, दहीभात. बाळंतीण पाण्याची पूजा करते ती यांचीच. आणि त्यांचा धाकही तेवढाच. भरदुपारी डोहावर एकट्याने जाऊ नये, ओल्या बाळंतिणीने तर नाहीच. चांगला पोहणारा तरणा पोरगा बुडाला तर ‘आसरांनी ओढला’ म्हणतात. देतात त्या याच, नेतात त्याही याच.

या बायांच्या जोडीला बसतात त्या आयर्लंड-वेल्सच्या परी. पण परी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पंखांची, हातात चांदणीची कांडी घेतलेली गोरी मुलगी येते. ती इंग्रजी बालपुस्तकांतली. आयर्लंडच्या शेतकऱ्याला ती ओळखूसुद्धा येणार नाही. त्याच्या शिवारातले परीलोक हे एकेकाळचे देव आहेत. अकराव्या शतकात आकाराला आलेल्या ‘लेबोर गवाला’ या आयरिश ग्रंथात तूहा दे दानन् या देवकुळाची हकीकत आहे. नंतर आलेल्या माणसांनी, मीलच्या मुलांनी, त्यांना हरवलं. वरची जमीन माणसांना गेली आणि देव टेकाडांच्या पोटात राहायला गेले. ही टेकाडं आजही दाखवतात. बॉइन नदीच्या खोऱ्यातलं न्यूग्रेंज त्यांतलंच, इसवी सनाच्या ३२०० वर्षं आधी बांधलेलं दगडामातीचं थडगं. पण खरी गोष्ट इथे संपत नाही. एका जुन्या आयरिश कथेत येतं की हरलेल्या देवांनी माणसांचं धान्य आणि दूध नासवलं. जमीन जिंकली, पण पिकेना. गाय होती, पण दूध मिळेना. शेवटी माणसांना दाग्दा या थोर देवाशी सलोखा करावा लागला, तेव्हा कुठे धान्य आणि दूध हाती आलं.

म्हणजे जमीन जिंकून घेता येते, पण पीक मागूनच घ्यावं लागतं. लातूर-धाराशिवकडे वेळाअमावास्येला कडब्याच्या कोपीत पांडव मांडून शेतभर आंबील शिंपडणाऱ्या माणसाला ही आयरिश कथा समजावून सांगावी लागणार नाही.

आता पुन्हा डोहाच्या कथेकडे. तिच्यातला पहिला सुंदर तपशील म्हणजे मागायची रीत. बाई पाण्याला नवस बोलत नाही. ‘लग्न पार पडलं तर अमुक वाहीन’ असा सौदा तिथे नाही. ती आवतण देते, जसं भावकीला द्यावं, आणि आपली अडचण सांगते. पंगतीला किती माणसं, हेही सांगते. देवाला हे सांगावं लागत नाही, शेजारणीला लागतं. मग ती पाठ फिरवून निघून जाते. भांडी कशी येतात, कोण आणून ठेवतं, हे कोणी पाहत नाही. पाहायचा मोहही कथा कोणाला होऊ देत नाही. चमत्काराचं वर्णन करायची एवढी चांगली संधी असताना निवेदन तिथे आंधळं होतं आणि थेट सकाळ उजाडते. या संयमामुळेच सकाळची ती मांडलेली भांडी खरी वाटतात.

दुसरा तपशील भांड्यांचाच. पाण्यातल्या देवतेने काहीही दिलं असतं. मोहरा, दागिने, हंडाभर सोनं. आपल्या इतर लोककथांत धनाचे हंडे खणखणत जमिनीखालून फिरत असतातच. इथे मिळतात ती परात आणि पळी. ज्या घरात चार माणसांपुरतं एक पातेलं आहे, त्या घरात गावजेवणाच्या दिवशी लाज जाते ती नेमकी या ठिकाणी. अन्न कसंबसं गोळा होतं, शिजवायचं कशात? गरिबाची अडचण इतक्या नेमकेपणाने ओळखणारी ही कथा गरिबाच्याच घरात जन्मली असणार.

आणि भांडी देतं कोण? लग्नात भांडी येतात ती मुलीच्या माहेरकडून. रुखवतात मांडतात, आंदण म्हणून देतात. महाराष्ट्रातल्या नद्यांवर अ‍ॅन फेल्डहाउस यांचं ‘वॉटर अँड वुमनहुड’ हे १९९५ सालचं पुस्तक आहे. नदीला साडी नेसवणं, ओटी भरणं, हिरवा चुडा वाहणं यांतून इथली माणसं नदीकडे लेकुरवाळी, सवाष्ण बाई म्हणून कशी पाहतात, हे त्यांनी फार आस्थेने दाखवलं आहे. ते वाचल्यावर माझं डोहाच्या कथेचं वाचन बदललं. डोहातल्या सात बाया या ज्या लेकीच्या घरात काही नाही तिच्या मावश्या झाल्या आहेत. तिला माहेरचं बळ नाही, म्हणून पाणी तिचं माहेर होतं. फरक एकच, आणि सगळी कथा त्या फरकावर उभी आहे. माहेरचं आंदण परत द्यायचं नसतं. डोहाचं परत द्यायचं असतं. ते उसनं आहे.

ज्या बाईने पळी ठेवून घेतली तिला मी म्हणूनच चोर म्हणू शकत नाही. हंडा नाही, घंगाळ नाही, तिने ठेवली ती सगळ्यांत लहान वस्तू. हातात बसली असेल, आवडली असेल. इतक्या मायेने दिलेलं आपलंच आहे असं तिला वाटलं असेल. तिने उसनं हे आंदण मानलं. काही ठिकाणी पळीच्या जागी वाटी असते, काही सांगणारे दोष सुनेवर ढकलतात, काही पाटलावर. पण बहुतेक कथनांत कर्ता असतो ‘कोणीतरी’. नाव नाही, घर नाही. गावात एकमेकांच्या सात पिढ्यांची उणीदुणी पाठ असतात, तिथे एवढी मोठी चूक करणाऱ्याचं नाव विसरलं जाईल? ते मुद्दाम घेतलेलं नाही. त्यामुळे चूक कोणा एकाच्या दारात पडत नाही, गावाची राहते, आणि नुकसानही गावाचंच होतं.

याच्या शेजारी वेल्समधल्या ब्रेकन डोंगरातलं लिन कूम लूख हे तळं ठेवून पाहा. एडवर्ड डेव्हिस यांनी ही कथा १८०९ मध्ये छापली. दरवर्षी मे महिन्याच्या पहिल्या दिवशी तळ्याकाठच्या खडकात एक दार उघडायचं. आत गेलेली माणसं तळ्याच्या मधोमध परींच्या बागेत पोचायची. फळं, फुलं, गाणं, सगळं पाहुण्यांसाठी. अट एवढीच, बाहेर काही न्यायचं नाही. एका वर्षी एकाने एक फूल खिशात घातलं. बाहेर पाऊल टाकताच फूल नाहीसं झालं आणि त्याची शुद्ध हरपली. परींनी त्या दिवशी बाकीच्या पाहुण्यांना नेहमीच्याच अगत्याने निरोप दिला. पण दार त्यानंतर उघडलं नाही.

एक फूल, एक पळी. दोन्हीकडे अपराध मुद्दाम लहान ठेवला आहे. मोठ्या अपराधाची कथा सोपी असते, ऐकणारा आपल्याला त्यातून वेगळा काढतो. पळीच्या कथेतून वेगळं निघता येत नाही. मात्र वेल्समध्ये शिक्षा होते; आपल्या डोहाकडे ती नाहीच. पळी ठेवणाऱ्या बाईला वेड लागत नाही, तिचं घर बुडत नाही, डोह आटत नाही. पाणी तसंच राहतं, गुरं पितात, बायका धुणी धुतात. फक्त भांडी येत नाहीत. ज्या आसरा भरदुपारी तरणं माणूस ओढून नेतात, त्याच इथे काहीही करत नाहीत. अबोला धरतात. शिव्याशाप सोसतात, पण अबोला सोसत नाही, हे ज्यांना ठाऊक होतं अशा बायकांनीच हा शेवट घडवला असावा असं मला वाटतं.

उसन्याची सर्वांत मोठी कथा वेल्समधल्याच लिन अ वान वाख या तळ्याची. ‘फिजिशियन्स ऑफ मिडवाय’ या १८६१ सालच्या पुस्तकात ती छापून आली. एका विधवेचा मुलगा तळ्याकाठी गुरं राखत असतो. पाण्यावर बसून केस विंचरणारी बाई त्याला दिसते. तो तिला भाकरी देऊ करतो. पहिल्या दिवशी भाकरी फार कडक, दुसऱ्या दिवशी नुसता कच्चा उंडा, तिसऱ्या दिवशी अर्धी भाजलेली. ती तिला चालते. तिचा बाप पाण्यातून वर येतो आणि तिला आंदण देतो : एका श्वासात मोजशील तितकी गुरं. ती हुशार. एक, दोन, तीन, चार, पाच, पुन्हा एक, दोन, तीन, चार, पाच, अशी मोजते, म्हणजे दम पुरतो. तितक्या गाई, शेळ्या, मेंढ्या, घोडे तळ्यातून चालत बाहेर येतात. अट अशी की नवऱ्याने विनाकारण तीनदा फटका मारला तर ती परत जाईल.

ते तीन फटके वाचताना अंगावर काटा येतो, कारण एकही फटका फटका नाही. बारशाला जायला ती कंटाळते, तो हातमोज्याने तिच्या खांद्यावर चापटी मारतो. एका लग्नात ती रडते, तो हात लावून तिला हटकतो. ती म्हणते, या दोघांची दुःखं आता सुरू होतात. एका मयताला ती हसते, तो पुन्हा हात लावतो. ती म्हणते, या माणसाचं दुःख संपलं. तिसरी वेळ झाली. ती शेतात जाते आणि गुरांना हाका मारते, प्रत्येकीला रंगाने, खुणेने, नावाने. सगळी तिच्यामागे निघतात. कापून आकड्याला टांगलेलं काळं वासरू खाली उतरून, जिवंत होऊन चालू लागतं. नांगराला जुंपलेले चार बैल नांगरासकट निघतात, आणि त्या नांगराचा तास तळ्यापर्यंत उमटतो.

पोळ्याला बैलाची खांदेमळणी करणाऱ्या, गाईम्हशींना नावाने हाक मारणाऱ्या बीडच्या माणसाने हा परिच्छेद वाचावा. गुरं तिच्या हाकेला ओ देतात, कारण ती तिचीच होती. नवऱ्याला वाटलं आंदण आलं. खरं तर सगळा गोठा उसना होता. पुरूरवा-उर्वशी, शंतनू-गंगा या आपल्या जोड्या इथे आठवतातच. अट, चूक आणि जाणं ही तिन्ही पावलं तिथेही आहेत. पण त्या कथांत मागे उरतो तो राजा. इथे मागे उरतो ओकाबोका गोठा, आणि शेतकऱ्याला ते जास्त लागतं.

मात्र ही बाई मुलांसाठी पुन्हा येते. त्यांना वनस्पती दाखवते, औषधं शिकवते. मिडवायच्या वैद्यांचं घराणं तिथून सुरू झालं असं सांगतात. दिलेलं परत नेलं, पण विद्या ठेवली. कथेतली ही एकच वस्तू अशी आहे की जी परत मागितली जात नाही.

परींवरच्या, आसरांवरच्या श्रद्धेची काळी बाजू झाकून रसग्रहण करणं मला जमणार नाही. १८९५ च्या मार्चमध्ये आयर्लंडच्या टिपरेरी परगण्यात ब्रिजेट क्लिअरी या तरुण बाईला तिच्या नवऱ्याने जाळलं. खरी बायको परींनी नेली आणि ही तिच्या जागी ठेवलेली दुसरीच, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. आपल्याकडे आसरेची बाधा म्हणून कितीजणींना घुमायला लावलं, मारलं, उपाशी ठेवलं, त्याची मोजदाद कोणी ठेवली नाही. २०१३ साली महाराष्ट्राला जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, आणि त्याच वर्षी डॉ. नरेंद्र दाभोलकर मारले गेले. कथा जपायची म्हणजे भगताचा चाबूक जपायचा नाही, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे.

आणखी एक गोष्ट. महाडच्या तळ्याचं पाणी पिण्यासाठी १९२७ मध्ये सत्याग्रह करावा लागला. गावोगावच्या विहिरी, बारवा जातीने वाटलेल्या होत्या. डोहाच्या कथेत पाणी विचारत नाही तू कोण. लग्न आहे आणि भांडी नाहीत, एवढं पुरतं. प्रत्यक्षात काठावर कोणाला जाऊ देत होते हा प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात राहतोच, आणि राहिला पाहिजे. तरीही माणसांनी आपल्या पाण्यापेक्षा उदार पाणी कल्पनेत घडवलं, हे मला मोलाचं वाटतं.

अशा कथा कागदावर आल्या त्या शाळामास्तरांमुळे. नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन यांनी खेड्यापाड्यांतल्या शिक्षकांकडून लोकसमजुतींची टिपणं मागवली होती. १९०९ मध्ये नाशकात त्यांची हत्या झाली. राज्यकर्ता म्हणून त्यांचा हिशेब इतिहासाने मांडलेला आहे. टिपणं पुढे आर. ई. एन्थोव्हन यांनी छापली, गुजरातची १९१४ ला, कोकणची १९१५ ला. आयर्लंडने हेच काम स्वतःच्या राज्यात केलं. १९३७ ते १९३९ या काळात सुमारे ५००० शाळांतल्या ५०,००० च्या आसपास मुलांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलेलं वहीत उतरवून काढलं. त्याच देशात १९९९ मध्ये क्लेअर परगण्यात लाटून इथल्या हमरस्त्याचं काम एका परीच्या झुडपासाठी अडलं आणि झुडूप वाचलं. आमच्या गोदेतला वाळूउपसा कुठल्याच बायांसाठी थांबलेला नाही. डोह बुजले, बारवांत कचरा पडला. तलवाड्याच्या, गेवराईच्या, राक्षसभुवनच्या शाळांतल्या मुलांनी आज आजीकडे बसून आपापल्या पाण्याची कथा लिहून काढली, तर पळी कुठे आणि वाटी कुठे एवढं तरी कळेल. दसऱ्यानंतर अर्धं गाव ऊसतोडीला जातं, आजी घरी राहते. तिच्याकडे वेळ असतो.

शेवटी एक जोडकथा, केल्टिक मुलखाबाहेरची, पण आपल्या कथेची सख्खी बहीण. इंग्लंडच्या सरी परगण्यात फ्रेन्शमच्या चर्चमध्ये एक मोठी कढई आहे. सतराव्या शतकात जॉन ऑब्रीने तिची हकीकत टिपून ठेवली. जवळच्या टेकडीवरच्या दगडावर ठोठावून परींकडून हवं ते उसनं मागता येई, कधी परत देणार ते मात्र सांगावं लागे. ही कढई कोणीतरी नेली आणि ठरल्या दिवशी परत केली नाही. उशिरा नेऊन दिली तेव्हा परींनी ती घेतली नाही, आणि त्यापुढे कोणाला काही दिलंही नाही. त्या गावाने निदान कढई परत नेऊन पाहिली. मी ऐकलेल्या, वाचलेल्या एकाही मराठी कथनात कोणी ती पळी घेऊन डोहावर परत गेल्याचं सांगितलेलं नाही. त्यामुळे डोहाने ती नाकारली असंही आजवर कोणी म्हटलेलं नाही.